व्यवहारातला करार : शब्द, इसार आणि अंगठा

अहिल्यानगरहून, म्हणजे आपल्या जुन्या नगरहून, पाथर्डीच्या एस. टी.त बसले की करंजी मागे पडते आणि तिसगाव येते. बाजाराच्या दिवशी तिथे उतरा आणि घटकाभर नुसते कान देऊन उभे राहा. "देतो म्हणाला होतास ना?" "इसार घेतलास, आता मागं कसा फिरतोस?" "कागद कुठं केलाय?" "मी अंगठा दिला खरा, पण त्यात काय लिहिलंय ते मला काय ठाऊक!" अशी वाक्ये तुमच्या कानी पडतील. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला करारकायद्याच्या पुस्तकात जी प्रकरणे वाचावी लागतात, त्यांतली निम्मी या चार वाक्यांत आली. फरक एवढाच, की पुस्तकात ती इंग्रजी नावांनी येतात आणि पोरगे ती पाठ करून परीक्षेला बसते. त्याच्या बापाने गेल्याच महिन्यात तसा करार केलेला असतो, पण ते आणि हे एकच, हे दोघांच्याही ध्यानात येत नाही.

म्हणून शिक्षक बंधुभगिनींनो, आणि शेतकरी वाचकहो, आज आपण ती नावे बाजारात घेऊन जाऊ.

पहिला गैरसमज आधी काढून टाकू. पुष्कळांना वाटते, करार म्हणजे स्टॅम्पाचा कागद. कागद नाही, तर करार नाही. तसे नाही, बरं का. आपल्या देशात करारांचा जो मुख्य कायदा आहे, तो १८७२ सालचा. दीडशे वर्षे उलटली, तरी तोच चालतो. त्या कायद्याच्या लेखी करार ही दोन माणसांच्या मनांची गोष्ट आहे. एकाने काही देऊ केले, दुसऱ्याने ते जसेच्या तसे मान्य केले, दोघांनीही त्यात काही दिले-घेतले, दोघे जाणते होते, कोणी कोणावर जबरी केली नाही, आणि काम बेकायदा नव्हते, की करार झाला. कागद हा त्या कराराचा पुरावा. स्टॅम्प हा सरकारचा कर. पुरावा नसला तर कोर्टात शाबीत करणे जड जाते, हे खरे. पण शाबीत करणे जड जाणे वेगळे आणि करारच न होणे वेगळे.

आता बैलबाजारात चला. तात्यांनी आपला बैल दावणीला बांधून उभा केला आहे. कायद्याच्या भाषेत तात्यांनी अजून काहीच देऊ केलेले नाही. 'या, बघा, बोला' असे नुसते आमंत्रण दिले आहे. दुकानात भाव लिहून मांडलेल्या मालाचेही तसेच. आबा येतात, बैलाचे दात बघतात, पाठीवर थाप मारतात आणि म्हणतात, "चाळीस हजार देतो." हा झाला प्रस्ताव. तात्या म्हणाले, "दिला," तर ती झाली स्वीकृती, आणि करार तिथेच उभा राहिला. पण तात्या म्हणाले, "पंचेचाळीसला दिला," तर ती स्वीकृती नव्हे. तो तात्यांचा नवा प्रस्ताव, आणि आबांचा चाळीसचा प्रस्ताव त्याच क्षणी मेला. मग तासाभराने तात्या पुन्हा येऊन म्हणाले, "बरं, चाळीसला घेऊन जा," तर आबा 'नको' म्हणायला मोकळे. आबांनी शब्द फिरवला अशी बोंब तात्यांनी मारू नये.

हेडी लोकांची रुमालाखाली बोटे दाबून भाव करण्याची रीत तुम्ही पाहिली असेल. बोटांनी केलेला प्रस्तावही प्रस्तावच, आणि मान हलवून दिलेली स्वीकृतीही स्वीकृतीच. कायद्याला तोंडच लागते असे नाही. अडचण एवढीच, की उद्या तंटा झाला तर रुमालाखाली काय झाले याला साक्षीदार कोण? जनावराचा सौदा उघड्यावर करावा, तो याकरिता.

'इसार' हाही असाच रोजचा शब्द. तात्या म्हणतात, "उद्या दुपारपर्यंत हा बैल तुझ्यासाठी राखून ठेवतो." नुसते असे म्हटले, तर तात्या बांधले जात नाहीत. आबांनी होकार कळवण्याआधी तात्यांनी 'आता देत नाही' असे कळवले, की संपले. कारण राखून ठेवण्याबद्दल आबांनी काहीच दिलेले नाही. या देण्याला कायद्यात प्रतिफल म्हणतात, साध्या बोलीत मोबदला. राखून ठेवण्याबद्दल आबांनी दोन हजार हातावर ठेवले, तर चित्र पालटते. तात्यांच्या शब्दाला आता मोबदला आहे. सौदाच पक्का करून इसार दिला आणि नंतर आबांनीच माघार घेतली, तर वाजवी रकमेचा इसार बुडतो. पण मोठी रक्कम 'इसार' म्हणून घ्यायची आणि ती सगळी गिळायची, याला मात्र कोर्ट सहसा मान्यता देत नाही.

आता कोणी म्हणेल, हल्ली समोरासमोर सौदा होतो कुठे? सगळे फोनवर. खरे आहे, आणि याचा निवाडा देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने एका अगदी शेतकऱ्याच्या मालावरून केला आहे. माल होता सरकीची पेंड. १९५९ साली अहमदाबादच्या एका पेढीने विदर्भातल्या खामगावच्या केडिया यांच्याकडे फोनवर पेंडीची मागणी केली आणि खामगावहून फोनवरच होकार आला. पुढे पेंड आली नाही. अहमदाबादकरांनी आपल्या गावी दावा लावला. खामगावकर म्हणाले, होकार आम्ही खामगावात बोललो, तेव्हा करार खामगावात झाला, दावा तिकडे चालवा. खटला दिल्लीपर्यंत गेला. १९६५ साली सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की फोनवरचा होकार जिथे ऐकू आला तिथे करार झाला. होकार ऐकला अहमदाबादेत, म्हणून तिथल्या कोर्टात दावा चालेल. तीन न्यायमूर्तींपैकी न्या. हिदायतुल्ला यांचे मत वेगळे पडले होते, कारण १८७२ च्या कायद्यातल्या शब्दांवरून पाहिले तर खामगावचे म्हणणे अगदीच वावगे नव्हते. मात्र टपालाने होकार पाठवला, तर पत्र पेटीत पडते तेव्हाच समोरचा माणूस बांधला जातो. फोनला निराळा नियम, टपालाला निराळा.

तिसगावच्या शेतकऱ्याला याचा उपयोग काय? तुम्ही पुण्याच्या व्यापाऱ्याला फोन करून म्हणालात, "माझा कांदा या भावाने घ्या," आणि तो तिकडून 'घेतला' म्हणाला, तर होकार तुम्ही तुमच्या गावात ऐकलात. करार तुमच्या गावात झाला. आणि मोबाइलवर लिहून आलेला होकारही आज चालतो. माहिती तंत्रज्ञानाच्या २००० सालच्या कायद्यात पुढे दुरुस्ती होऊन तसे कलमच घातले गेले आहे. तेव्हा भावाचा संदेश लगेच पुसून टाकू नका. माल पोचून पैसे हाती येईपर्यंत तो तुमचा कागद आहे.

दोघांनी 'हो' म्हटले, पण मनात दोन वेगळ्या वस्तू असल्या तर? पाथर्डी-शेवगावाकडे कापूस होतो, म्हणून कापसाचीच एक जुनी गोष्ट सांगतो. इंग्लंडमधल्या एका व्यापाऱ्याने मुंबईहून 'पीअरलेस' नावाच्या जहाजातून येणाऱ्या सुरती कापसाच्या १२५ गासड्या विकायचे ठरवले. गंमत अशी, की त्या नावाची जहाजे होती दोन. एक मुंबईहून ऑक्टोबरात निघाले, दुसरे डिसेंबरात. घेणाऱ्याच्या मनात पहिले, देणाऱ्याच्या मनात दुसरे. १८६४ साली तिथल्या कोर्टाने घेणाऱ्याच्या बाजूने निकाल दिला. आपल्या कायद्यातही हेच तत्त्व आहे. दोघांनी एकच गोष्ट एकाच अर्थाने मान्य केली, तर ती संमती. 'तिकडच्या वावरातला ऊस', 'मागच्या वर्षीच्या भावाने', 'ओला की वाळलेला' हे तेव्हाच स्पष्ट बोलून घेतलेले बरे.

तिसगावाहून जवळच मढी. तिथल्या कानिफनाथांच्या यात्रेत रंगपंचमीच्या सुमारास गाढवांचा मोठा बाजार भरतो, हे नगर जिल्ह्यात कोणाला सांगायला नको. जनावराच्या बाजारातला सर्वांत कठीण प्रश्न हा, की जनावरातली खोड विकणाऱ्याने सांगितलीच पाहिजे का?

१८७२ च्या कायद्यात याचे उत्तर घोड्याच्या उदाहरणाने दिले आहे. आपण घोड्याच्या जागी बैल घेऊ. तात्यांना ठाऊक आहे, की आपला बैल अवताला जुंपला की बसतो. ते काही बोलत नाहीत, आबाही विचारत नाहीत. कायदा म्हणतो, नुसते गप्प बसणे ही फसवणूक नव्हे. ऐकून वाईट वाटेल, पण बाजारात घेणाऱ्याने डोळे उघडे ठेवावेत असा तो नियम आहे. हेच घेणारी व्यक्ती तात्यांची स्वतःची, नुकतीच सज्ञान झालेली मुलगी असली, तर मात्र तात्यांनी सांगितलेच पाहिजे, कारण तिथे नाते विश्वासाचे. आणि तिसरे उदाहरण सगळ्यांत कामाचे. आबा म्हणाले, "तात्या, तुम्ही नाही म्हणाला नाहीत, तर बैल निर्दोष आहे असं मी धरून चालतो," आणि तात्या गप्प राहिले, तर ते गप्प राहणे बोलण्यासारखेच. आता फसवणूक झाली.

तेव्हा काय करावे, हे त्यातच आले. विचारावे, आणि चार माणसांत विचारावे. "मारका आहे का? कामाला बसतो का? लंगडतो का?" उत्तर खोटे आले, तर तो करार मोडण्याचा हक्क आबांचा. इथे शिक्षकांनी मुलांना दोन शब्द वेगळे करून दाखवावेत, कारण परीक्षेत हमखास घोळ होतो तो इथेच. करार 'शून्य' म्हणजे तो कायद्याच्या दृष्टीने मुळात उभाच राहिला नाही. 'शून्यकरणीय' म्हणजे करार उभा आहे, पण ज्याला फसवले त्याची मर्जी असेल तर तो मोडू शकतो. फसवणारा मात्र मोडू शकत नाही. बैल चांगला निघाला आणि भाव चढला म्हणून तात्या "मीच तुला फसवलं होतं, बैल परत दे" म्हणू लागले, तर चालायचे नाही.

आणखी एक गोष्ट, जी ऐकून बाजारातली जुनी माणसेही चमकतात. सौदा झाला, पैसे उद्या द्यायचे ठरले, बैल रात्री तात्यांच्याच गोठ्यात राहिला आणि रात्री वीज पडून मेला. नुकसान कोणाचे? बहुतेक जण म्हणतील, तात्यांचे. बैल त्यांच्या दावणीला होता ना? पण मालविक्रीचा १९३० चा कायदा म्हणतो, ठरावीक जनावराचा, कोणतीही अट न घालता सौदा झाला, की मालकी तेव्हाच फिरते. पैसे मागाहून द्यायचे असोत की जनावर मागाहून न्यायचे असो. आणि जोखीम मालकीच्या मागे जाते. म्हणजे मेला तो आबांचा बैल. तात्यांच्या हयगयीने मेला असता तर गोष्ट निराळी. हे नको असेल तर सौदा करतानाच बोलावे, "पैसे देऊन नेईपर्यंत बैल तुमचाच." तसे ठरवायला कायद्याची आडकाठी नाही. आणि समजा, सौदा झाला त्या घटकेला, दोघांनाही ठाऊक नसताना, बैल तिकडे गावी आधीच मेलेला होता, तर करारच शून्य. जी वस्तूच नाही तिचा सौदा कसला?

बैलाचे झाले. जमिनीला मात्र हे काहीच लागू नाही, हे ठसठशीत सांगितले पाहिजे. शंभर रुपये वा त्याहून अधिक किमतीची जमीन तोंडी विकता येत नाही. खरेदीखत लिहून दुय्यम निबंधकाकडे नोंदवावेच लागते. साठेखत म्हणजे खरेदी नव्हे, पुढे खरेदी देईन असा तो करार. पैसे देऊन, साठेखत पेटीत ठेवून, वीस वर्षे जमीन कसत बसलेली माणसे आपल्या जिल्ह्यात आहेत. मालक वारला की त्याची मुले येतात आणि उतारा दाखवतात. ही भांडणे कायद्याच्या अज्ञानाने कमी आणि 'नंतर बघू' या सवयीने जास्त होतात, असे माझे मत आहे.

अठरा वर्षांच्या आतल्या मुलाने केलेला करार शून्य. १९०३ साली लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने कलकत्त्याच्या एका खटल्यात हे कायमचे ठरवून टाकले. अज्ञान मुलाने घर गहाण टाकून कर्ज काढले होते, सावकाराला ते गहाण सोडून द्यावे लागले. तेव्हा सोळा वर्षांच्या पोराकडून 'वसुली करीन' म्हणून सही घेणाऱ्याने आपल्या पैशांची आशा सोडावी.

आता चौथे वाक्य राहिले, "मी अंगठा दिला खरा, पण काय लिहिलंय ते ठाऊक नाही." हे वाक्य या जिल्ह्यात फार जुने आहे आणि त्याने एकदा आगी लावल्या आहेत.

१२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी, बाजाराच्या दिवशी, शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर चाल केली. दंगा आपल्या नगर जिल्ह्यातही पसरला. पारनेर, श्रीगोंदे, नगर आणि कर्जत या तालुक्यांत ठिकठिकाणी उठाव झाले. पण ते लुटीसाठी उठले नव्हते. त्यांना हवे होते रोखे. खते आणि रोखे मागून घ्यायचे, आणि चौकात जाळायचे. दिले नाहीत तरच हात उगारायचा. माणसांच्या जिवावर फारसे बेतले नाही, बेतले ते कागदावर.

कागदावर एवढा राग का? त्याचे एक कारण कायद्यातच होते. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने ठरवले, की नोंदणी न झालेल्या रोख्याचे येणे वसूल करायचे तर तीन वर्षांत दावा लावावा. हेतू चांगला होता, जुनी मढी उकरू नयेत असा. पण झाले उलटे. तीन वर्षे भरत आली की सावकार कुणब्याला बोलावी, मुद्दल आणि व्याज एक करी, त्या बेरजेचे नवे मुद्दल धरून नवा रोखा लिही, आणि खाली अंगठा घेई. पुन्हा तीन वर्षांनी तेच. शंभराचे किती झाले हे कुणब्याला वाचता येत नव्हते, आणि कोर्ट पुढ्यात आलेला रोखा तेवढा पाही. मागे काय घडले हे विचारीत नसे. समन्स निघाले तरी पुष्कळ कुणबी कोर्टात जातच नसत आणि हुकूमनामा एकतर्फी होई. दुर्बळाला वाचवायला केलेला नियम, वाचता न येणाऱ्याच्या गळ्यात असा फास होऊन पडला.

सरकारने चौकशी समिती नेमली, आणि १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांच्या साहाय्याचा कायदा केला. तो पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या जिल्ह्यांना लागू झाला. शेतकऱ्याने लिहून द्यायचा रोखा ग्रामनिबंधकासमोर लिहिला जावा, पैसे दिल्याची पावती आणि खात्याचा हिशेब मिळावा, आणि कोर्टाने रोख्यावर न थांबता व्यवहाराच्या मुळापर्यंत जाऊन हिशेब करावा, असे त्यात होते. कर्जासाठी शेतकऱ्याला तुरुंगात टाकणेही बंद झाले. सावकारांनी त्यालाही वाट काढली, ही गोष्ट निराळी. गहाणखताऐवजी सरळ खरेदीखतच लिहून घ्यायचे, आणि 'पैसे फेडलेस की जमीन परत' असे तोंडी सांगायचे.

तो कायदा आज नाही, पण ही शेवटची युक्ती अजून आहे. कर्जापोटी कोणी खरेदीखत मागितले, तर ते कर्ज नव्हे, जमिनीची विक्री आहे असे समजून पाऊल टाका. तोंडी बोली नोंदलेल्या खतासमोर टिकवणे महाकठीण. मात्र बेकायदा सावकारीतून जमीन गेली असेल, तर महाराष्ट्राच्या २०१४ च्या सावकारी कायद्याखाली सहकार खात्याच्या जिल्हा निबंधकाकडे अर्ज करता येतो. चौकशीत सावकारी शाबीत झाली, तर तो दस्त रद्द ठरवून जमीन परत देण्याचा हुकूम करण्याचा त्याला अधिकार आहे. त्या अर्जाला कालमर्यादा आहे, म्हणून वर्षे घालवू नयेत.

खुद्द करारकायद्यातही गावचा सावकार बसला आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असते. 'गैरवाजवी दडपण' समजावताना कायद्याने उदाहरण दिले आहे, ते असे. आधीच सावकाराचा ऋणी असलेला माणूस त्याच सावकाराकडून उघड-उघड जाचक अटींवर नवे कर्ज घेतो. तिथे दडपण नव्हते, हे शाबीत करण्याचा भार सावकारावर. ऋणकोवर नाही! त्याच्याच खाली लगेच दुसरे उदाहरण येते. बाजारात पैशाची टंचाई असताना पेढीवाल्याने जास्त व्याज मागितले आणि घेणाऱ्याने ते कबूल केले. हे दडपण नव्हे, हा रोजचा व्यापार. वाणिज्याच्या विद्यार्थ्यांनी ही दोन उदाहरणे शेजारीशेजारी ठेवून वाचावीत. महाग कर्ज आणि दडपणाचे कर्ज यांत फरक आहे. व्याजाचा आकडा जड आहे एवढ्याने तो ठरत नाही. एक माणूस दुसऱ्याच्या मुठीत होता का, आणि त्या मुठीचा त्याने गैरफायदा घेतला का, हे पाहावे लागते.

जामिनाबद्दल दोनच शब्द. भावकीच्या भिडेखातर पतसंस्थेत 'नुसती सही' करणारे पुष्कळ. कायद्यात नुसती सही असे काही नसते. जामिनाची जबाबदारी कर्जदाराएवढीच. संस्थेने आधी कर्जदाराला धरले पाहिजे असेही नाही, ती थेट तुमच्या दारात येऊ शकते.

आता आपल्या पाथर्डी तालुक्याचा सर्वांत मोठा करार. दसरा-दिवाळी झाली, की कोरडवाहू गावे रिकामी होतात. बैलगाड्या, ट्रॅक्टर, ट्रक भरभरून टोळ्या उसाच्या फडाकडे निघतात. त्याआधी मुकादम उचल वाटतो. नवरा-बायको मिळून एक कोयता, आणि कोयत्यावर उचल. हा करारच आहे. मजुराकडून श्रम, मुकादमाकडून पैसे, मोबदला दोन्ही बाजूंना. उचल घेऊन कामाला न जाणे हे कराराचा भंग करणे आहे आणि घेतलेला पैसा देणे लागतोच, हे आधी मोकळेपणाने मान्य करू.

पण त्या भंगाचे फळ काय? एके काळी त्याचे फळ तुरुंग होते. १८५९ साली असा कायदा झाला होता, की आगाऊ पैसे घेऊन कामावर न येणाऱ्या मजुराला मॅजिस्ट्रेटने कामाला जुंपावे, आणि तरीही न ऐकल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद द्यावी. तो कायदा १९२५ साली रद्द झाला. आज उचलीची बाकी हे दिवाणी येणे आहे. मुळापासून ठकवण्याच्या हेतूने पैसे घेतले, तर गोष्ट वेगळी. पण आजारपणाने, बाळंतपणाने, फडात ऊस संपल्याने बाकी राहिली, तर तो फौजदारी गुन्हा होत नाही. मुकादमाला दावा लावता येतो. माणसाला कोंडून ठेवता येत नाही, बायकोपोरांना अडकवून ठेवता येत नाही, गाडी-बैल ओढून नेता येत नाहीत. अंगमेहनतीचा करार कोर्टसुद्धा जबरीने पार पाडून घेत नाही, भरपाई काय ती पैशात. आणि कर्जापोटी माणसाला सोडून जाण्याचीच बंदी केली, तर ती वेठबिगारी. १९७६ च्या कायद्याने ती बंद झाली आणि तिच्या मागचे कर्जही त्या कायद्याने संपते.

'न आल्यास दुप्पट भरीन' असे लिहून घेतलेले पुष्कळ कागद असतात. त्या आकड्याला भिऊ नये. करारात दंडाचा आकडा कितीही लिहिला, तरी कोर्ट वाजवी भरपाईच देते, आणि तो आकडा ही तिची वरची मर्यादा. कोऱ्या कागदावर अंगठा मात्र देऊ नये, कारण तिथे आकडा कोण आणि कधी भरणार हे तुमच्या हातात राहत नाही.

न्यायला वकील परवडत नाही म्हणून गप्प बसणारे बरेच असतात. १९८७ च्या विधी सेवेच्या कायद्याखाली स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींची माणसे आणि वेठीला धरलेले मजूर यांना, उत्पन्न किती हे न पाहता, फुकट वकील मिळतो. तालुक्याच्या न्यायालयात विधी सेवा समिती असते, तिथे विचारावे.

आणि शिक्षकहो, तुमच्याकडे एक काम. फडावर निघण्याआधी वर्गात एक धडा हिशेबाच्या वहीचा घ्या. उचल किती, कोणत्या तारखेला, टनाला दर किती, कोयता एक की दोन, मागची बाकी किती धरली, आणि खाली मुकादमाची सही. अशी दोन पाने. एक मुकादमाकडे, एक घरी. सातवीतल्या मुलीने ते पान आईबापांना मोठ्याने वाचून दाखवावे, आणि वाचून झाल्यावरच अंगठा उठावा. पुढे फडावर गाडी वजन होऊन आली, की टनाची पावती त्याच वहीत चिकटवायची.